मराठीत नापास दर्शनाबाई

दर्शना उतेकर बारावीला दोनदा बसल्या आणि दोन्ही वेळा एकाच विषयात उडाल्या. मराठीत. इंग्रजीत पास, अर्थशास्त्रात पास, इतिहासात तर एकसष्ट. आणि जी भाषा जन्मापासून बोलल्या, जिच्यात नवऱ्याशी, सरपंचाशी आणि एस.टी.च्या कंडक्टरशी भांडून कधी हरल्या नाहीत, त्या भाषेत पस्तीसला चार कमी. माझ्यासमोर पहिल्यांदा येऊन उभ्या राहिल्या तेव्हा म्हणाल्या, "सर, मराठी सोडून बाकी सगळं येतं मला." हे त्यांनी मराठीतच सांगितलं आणि फार छान सांगितलं.

मी महाडात बारावीला मराठी शिकवतो. सव्वीस वर्षं झाली. मूळचा नाते गावचा, आडनाव सकपाळ. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांसाठी दर रविवारी सकाळी मी एक वर्ग घेतो. त्या वर्गात मोबाइलच्या दुकानात काम करणारा साहिल होता, दोन रिक्षावाले होते, चार-पाच मुली होत्या, आणि पोलादपूरच्या वरच्या कातळवाडीतून दोन गाड्या बदलून येणाऱ्या दर्शनाबाई होत्या. वय एकोणचाळीस. पहिल्या बाकावर बसायच्या आणि मागच्या बाकावरच्या पोरापेक्षा जास्त बोलायच्या.

त्यांना बारावी हवी होती ती हौसेसाठी नव्हे. कातळवाडीच्या अंगणवाडीत त्या चौदा वर्षं मदतनीस. सेविकाबाई गुडघ्यांनी बेजार, म्हणून पोरांना गाणी शिकवणं, वजनं करणं, मोबाइलवर माहिती भरणं हे सगळं यांच्याच अंगावर. त्या सेविकाबाई पुढच्या मे महिन्यात निवृत्त होणार होत्या. मदतनीस बारावी पास असेल तर तिलाच सेविका करतात. नसेल तर भरती निघते. "मग खालून कुणीतरी पोरगी येणार," दर्शनाबाईंनी मला सांगितलं होतं, "आणि मीच शिकवलेल्या पोरांसमोर मी परत खिचडी ढवळत बसणार. ही शेवटची टायम हाय सर. औंदा नाय तर नाय."

तर ही शेवटची संधी, आणि विषय मराठी.

पहिल्याच रविवारी मी अलंकार घेतले. माझी एक पद्धत आहे. ओळीत 'जणू', 'सारखा', 'प्रमाणे' दिसलं की डोळे मिटून उपमा नाहीतर उत्प्रेक्षा लिहायची, कवितेचा अर्थ कळायची वाट बघत बसायचं नाही. या पद्धतीवर मी शेकडो पोरं पास केली आहेत. चेतनगुणोक्ती शिकवताना मी म्हणालो, "निर्जीव वस्तू माणसासारखी वागते असं जिथं सांगितलं असेल, तिथं हा अलंकार. कुणी उदाहरण देईल?"

दर्शनाबाईंचा हात वर. "आंबेनळी घाटात एस.टी. रुसली."

उदाहरण शंभर टक्के बरोबर. पण बाई तिथं थांबतील तर ना! "आणि ड्रायवर तिची समजूत काढून दमला, मग खाली उतरून बिडी ओढत बसला, तर हा सर कुठला रस?" साहिल म्हणाला, "धूम्ररस." वर्ग हसला आणि माझी अतिशयोक्ती त्या दिवशी राहिली ती राहिलीच.

अलंकारांत त्यांना अडचण नव्हती. अडचण होती रसग्रहणात. कविता द्यायची, तिचं आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषेची वैशिष्ट्यं लिहायची, शेवटी ती का आवडली ते सांगायचं. सगळा महाराष्ट्र हे करतो. आवडली नसली तरी आवडली म्हणून लिहितो. दर्शनाबाई मात्र कवितेचं पहिलं कडवं वाचलं की कंबर कसायच्या. कवीला उलट विचारायच्या. पावसाळ्यावरची कविता असेल तर "याच्या घरात सरपण कोण भरतं?" आणि शेतावरची असेल तर "हा कवी बांधावर उभा हाय का चिखलात?" मी म्हणायचो, "ताई, कवीला काय म्हणायचंय ते लिहा. तुम्हाला काय म्हणायचंय ते कुणी विचारलेलं नाही." त्या मान हलवायच्या आणि परत तेच करायच्या.

जानेवारीत मी सराव परीक्षा घेतली. आता इथं मला एक गोष्ट कबूल करायला हवी. सराव परीक्षेत रसग्रहणासाठी मी दरवर्षी एकच कविता देतो. खाली लिहितो, 'कवी : अज्ञात.' तो अज्ञात कवी म्हणजे मी. पुण्याला बी.एड. करत होतो तेव्हाची कविता. नदीवरची. महाडच्या नदीपासून चांगली शंभरावर किलोमीटर लांब, हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर बसून लिहिलेली. ती कुठल्या मासिकानं छापली नाही, म्हणून मीच दरवर्षी छापतो. सव्वीस वर्षं महाडची पोरं लिहीत आली आहेत की 'कवीची प्रतिभा येथे बहरून आली आहे.' हे वाक्य मीच त्यांना लिहून दिलेलं असतं, तरी ते वाचताना बरं वाटतं. माणूस आहे शेवटी.

कवितेची सुरुवात अशी:

शांत, सोशिक माउली ही, राग हिला ना ठावा;
काठावरच्या लेकरांना देते नित्य विसावा.

ज्या खोलीत हा पेपर चालू होता, तिथल्या जिन्याच्या भिंतीवर एकवीस सालच्या पुराची रेघ अजून दिसते. माझ्या डोक्याच्या वर. रोज तिच्या बाजूनं मी चढतो-उतरतो, पण कवितेच्या वेळी ती मला कधी दिसली नव्हती.

दर्शनाबाईंची बहीण महाडात नदीकडच्या आळीत राहते. त्यांनी रसग्रहणाच्या जागी चार ओळी लिहिल्या होत्या:

शांत म्हणतोस, कवीराया, घर तुझं कुठल्या माडीला?
पाणी चढलं तेव्हा माउली शिरली होती आळीला.
लेकरांना विसावा देते? मग सांग जरा खरं,
तांदूळ, वह्या, गॅसची टाकी कुणी नेली बरं?

मी संतापलो. का संतापलो ते तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही. लाल पेनानं शून्य दिलं, इतकं गोल, कंपास लावून काढल्यासारखं. शेरा मारला, 'विषय सोडून लिहिले आहे.' एवढ्यावर गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण पेपर वाटताना सगळ्यांसमोर म्हणालो, "दर्शनाताई, तुम्हाला कविता कळत नाही. तो प्रांतच नाही तुमचा."

त्या काही बोलल्या नाहीत. सगळ्या वर्षात तेवढं एकदाच.

पुढच्या रविवारी त्यांचा बाक रिकामा. त्याच्या पुढच्याही. मी साहिलला विचारलं. तो म्हणाला, "फोन केलेला सर. नाय येत म्हणाल्या. परीक्षेलाच बसत नाय म्हणाल्या. सरांनीच सांगितलंय, कळत नाय म्हणून, मग परत कशाला तोंड दाखवायचं?"

परीक्षेला तीन आठवडे उरले होते. मी घरी येऊन तो पेपर परत काढला. माझ्या दोन ओळी वाचल्या, त्यांच्या चार वाचल्या. मग बायकोला दाखवल्या, कुणाच्या ते न सांगता. ती म्हणाली, "खालची बरी आहे. वरची कुणी पाठवली?" मला फार लाज वाटली. माझ्या न छापलेल्या कवितेपायी एका बाईची चौदा वर्षं पाण्यात जाणार होती.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि पोलादपूरची गाडी पकडली. पुढं कातळवाडीची जीप. अंगणवाडीत पोहोचलो तेव्हा दर्शनाबाई खिचडी वाढत होत्या आणि सेविकाबाई पाय लांब करून रजिस्टर लिहीत होत्या. मला बघून दर्शनाबाईंनी पदराला हात पुसले. "अगो बाई, सर!" म्हणाल्या, आणि पोरांना म्हणाल्या, "नमस्ते करा रे, हे माझे मास्तर." वीस पोरांनी खिचडीच्या हातानं नमस्ते केलं.

पोरं गेल्यावर त्या मला घरी घेऊन गेल्या. नवरा प्रवीण मुंबईला कामाला, त्यामुळे घरात त्या आणि त्यांचे वडील. वडिलांना मुलगा नाही, म्हणून ते म्हातारपणी लेकीकडे राहतात. नाव गोमाजी. ओटीवर बसले होते. आवाज अजून असा की "या मास्तर" म्हणाले तेव्हा समोरच्या घरातली बाई बाहेर आली.

चहा होईस्तोवर मला कळलं की हे गोमाजी म्हणजे एके काळचे नावाजलेले शाहीर. आमच्या भागात जाखडीचे सामने होतात. पायात चाळ बांधून पोरं गोल नाचतात, मधे दोन बाजूंचे शाहीर. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं उभ्या उभ्या गाण्यातूनच जबाब द्यायचा. गोमाजींना अक्षरओळख नव्हती. दहा-बारा वर्षांची दर्शना वही घेऊन ढोलकीवाल्याच्या मागं बसायची, समोरच्याचा सवाल उतरवून घ्यायची आणि बापाला एखादी ओळ अडली तर हळूच पुरवायची.

"सवाल आयकला आन् जबाब नाय दिला, त हारला," गोमाजी म्हणाले. "हिला मी तेच शिकवलंय. दुसरं काय शिकवणार?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. या बाईला परीक्षेतली कविता म्हणजे समोरच्या पार्टीनं टाकलेला सवाल वाटत होती. ती गप्प बसून कवीचं कौतुक कशी करणार? त्यांच्या घरात त्याला हरणं म्हणतात.

मी चहाचा कप खाली ठेवला. "ताई, एक सांगायचंय. ती नदीची कविता... ती माझी होती."

दर्शनाबाईंनी तोंडाला पदर लावला. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. पदर काढला तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. "म्हणजे सर, शून्य बरोबर होतं. पण ते मला कशाला दिलंत? कवीला द्यायचंत."

गोमाजींना लेकीनं सगळं समजावून सांगितलं. ते हसले नाहीत. हा त्यांच्या धंद्यातला गंभीर मामला होता. "मास्तर," ते म्हणाले, "सवाल तुमचा. हिनं जबाब दिला. मंग परत तुमी देयाचा. शून्य हा काय जबाब हाय का?"

"नाही," मी म्हणालो. "चुकलो मी. त्यांना कविता कळते. माझ्यापेक्षा जास्त कळते. पण शाहीर, परीक्षेत असं लिहून पास होता येत नाही. तिथं फक्त कवी काय म्हणतो तेवढं लिहायचं असतं, आणि ते यांना जमत नाही. कसं शिकवू?"

गोमाजींनी जरा विचार केला. मग लेकीकडे वळून म्हणाले, "दर्शने, आपल्या पार्टीत जबाब कधी देयाचा?"

"सवाल उचलल्यावर."

"उचलायचा म्हंजे काय, ते सांग मास्तरांना."

दर्शनाबाईंनी सांगितलं, आणि सांगता सांगता त्यांच्या स्वतःच्याच काहीतरी लक्षात आलं. गोमाजींची रीत अशी होती. जबाब द्यायच्या आधी समोरच्याचा सवाल आपल्या तोंडानं नीट मांडायचा. तो काय म्हणतोय, कुठली उपमा देतोय, शब्द कसा फिरवतोय, सगळं. असं मांडायचं की समोरच्या शाहिरानं मान डोलवली पाहिजे, हो, हेच म्हणालो मी. त्याशिवाय जबाब दिला तर लोक हसायचे, की याला सवालच समजला नाही.

"म्हणजे सर," दर्शनाबाई म्हणाल्या, "रसग्रहण म्हणजे नुसता सवाल उचलायचा आणि खाली बसायचं?"

"हो."

"एवढंच होय? मग आधी सांगायचं ना! दोन वर्षं गेली माझी यात."

सव्वीस वर्षं मी आशयसौंदर्य आणि काव्यसौंदर्याच्या व्याख्या लिहून देतोय. रसग्रहण म्हणजे काय ते मला त्या दिवशी कातळवाडीत एका निरक्षर माणसाच्या ओटीवर समजलं. हे मी आमच्या स्टाफरूममध्ये अजून सांगितलेलं नाही.

त्यानंतरचे तीन रविवार बाई आल्या. मी कविता द्यायचो, त्या सवाल उचलायच्या. असा उचलायच्या की बघत राहावं. कवीनं न लिहिलेलं पण त्याच्या मनात असलेलंही बरोबर काढायच्या. शेवटची ओळ लिहून झाली की पेन बाजूला ठेवायच्या आणि दोन्ही हात बाकाखाली मांडीवर घट्ट धरून बसायच्या. साहिल एकदा म्हणाला, "ताई, पोटात दुखतंय का?" त्या म्हणाल्या, "जबाब दुखतोय रे."

परीक्षा झाली. मे महिन्यात निकाल लागला. मराठीत अठ्ठावन्न. मी आमच्या बायकोला फोन करून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "तुमच्यापेक्षा तिला जास्त पडले ना?" मला बारावीला सत्तावन्न होते हे तिला लग्नापासून माहीत आहे.

जून उजाडला आणि एका दुपारी दर्शनाबाई महाडच्या स्टँडवर भेटल्या. बहिणीला पेढे देऊन परत निघाल्या होत्या. पिशवीत सेविकेच्या नेमणुकीचा कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ठेवला होता. तो त्यांनी मला दोनदा दाखवला. पेढा दिला, वाकून नमस्कार केला. पोलादपूरची गाडी लागायला अवकाश होता. आम्ही बाकड्यावर बसलो.

"पेपरात कुठली कविता आली होती?" मी विचारलं.

त्यांनी धडाधड म्हणून दाखवली. एकदा वाचलेली कविता त्यांना पाठच होते, घरची सवय. त्यातल्या दोन ओळी माझ्या लक्षात राहिल्या:

उड पाखरा, उड दूर तू, आभाळ तुझे अंगण;
मागे वळून पाहू नको, घरटे म्हणजे बंधन.

"मग? काय लिहिलंत?"

"तुम्ही सांगितलंत तसंच. सवाल उचलला. पाखरू म्हणजे तरुण माणूस, आभाळ म्हणजे संधी, कवीला जिद्द शिकवायचीय, भाषा ओघवती. कविता मला फार आवडली म्हणून लिहिलं. कवीला कुठंच अडवला नाय." मग पिशवीवर हात ठेवून म्हणाल्या, "पण सर, तीन महिने पोटात घेऊन फिरतेय. आता कागद हातात आला. आता देऊ?"

मी हो म्हणालो. त्यांनी आजूबाजूला बघितलं, आवाज खाली घेतला आणि मांडीवर बोटांनी ठेका धरून म्हटलं:

उड म्हणाया काय जातं? आभाळ कुठं पळतंय?
घरट्यामध्ये दाणा ठेवून कोण वाट बघतंय?
बंधन म्हणतोस, कवीराया, तर एक सांग मला,
पंख फुटेस्तोवर ऊब कुणी दिली तुला?

कातळवाडीत निम्म्या घरांना कुलूप आहे हे मी पाहून आलो होतो. ओटीवर एकटे बसलेले गोमाजी पाहिले होते. मास्तर माणसाला स्टँडवर रडणं शोभत नाही म्हणून मी चष्मा पुसत बसलो.

"हे लिहायला हवं होतं हो," मी शेवटी म्हणालो. "रसग्रहणाच्या खाली. जागा उरली असेल."

"पान भरून जागा होती सर." त्या अगदी सरळ म्हणाल्या. "पण मला सेविका व्हायचं होतं."

पोलादपूरची गाडी लागली. त्या चढल्या, खिडकीची जागा पकडली आणि पिशवी मांडीवर घेऊन मला हाक मारली. मी खिडकीखाली गेलो. त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा ते हसू आलं होतं.

"सर, माझ्या अंगणवाडीत पोरं गाणं म्हणता म्हणता मधेच काय पण विचारतात. कावळा काळाच का, ससा घरी कधी जातो, काय पण. सेविकाबाई त्यांना गप करायच्या. मी नाय करत. गप बसायला शिकायचं तर बारावीपर्यंत वेळ हाय त्यांना."

गाडी हलली. मी बारावीला मराठी शिकवतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.